कामगार संरक्षण समिती आणि पोलंडमधील सार्वजनिक भाषा (१९७६–१९८१)

एकाधिकारी राजवटीत लोकशाहीचा मार्ग नागरी समाज मोकळा करतो, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, हा समाज म्हणजे नेमके कोण आणि त्याने नेमके काय केले, हे विचारण्याचे भान सहसा राहत नाही. पोलंडपुरते या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच निश्चितपणे देता येते. आणि ते राज्यशास्त्राइतकेच भाषाव्यवहाराच्या क्षेत्रातले आहे.

२४ जून १९७६ रोजी पंतप्रधान प्योत्र यारोशेविच यांनी खाद्यपदार्थांच्या दरवाढीची घोषणा केली. मांसाचे दर सरासरी ६९ टक्क्यांनी वाढावयाचे होते, साखरेचे दुप्पट व्हावयाचे होते. दुसऱ्याच दिवशी राडोम, प्वोत्स्क आणि वॉर्साजवळील उर्सुस येथे कामगारांनी काम थांबविले. राडोममध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कचेरीला आग लावण्यात आली. सायंकाळी दरवाढ मागे घेण्यात आली, परंतु संपकऱ्यांवर मात्र सूड उगविण्यात आला. पकडलेल्यांना दंडुकेधारी पोलिसांच्या दोन रांगांमधून पळावयास लावीत. या प्रकाराला 'आरोग्याची वाट' हे नाव पडले; एरवी उद्यानांतील व्यायामाच्या पायवाटेला ते लावले जाई. सरकारी वृत्तपत्रांनी कामगारांना 'वार्खोव' म्हटले. हा शब्द मूळचा जुन्या सरदारशाहीतील भांडखोर उमरावांचा. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने कामगारांना तो बहाल करावा, यातील विसंगती त्या वेळी पुष्कळांच्या ध्यानी आली असली पाहिजे.

जुलैमध्ये उर्सुसच्या कामगारांवर वॉर्साच्या न्यायालयात खटला उभा राहिला. काही तरुण सुनावणीस गेले आणि न्यायालयाच्या पडवीत त्यांची गाठ आरोपींच्या कुटुंबीयांशी पडली. पुढच्या साऱ्या कार्याचा उगम येथे आहे. २३ सप्टेंबर १९७६ रोजी स्थापन झालेल्या कामगार संरक्षण समितीच्या आवाहनावर १४ जणांच्या सह्या होत्या. त्यांत अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लिपिन्स्की, कादंबरीकार येझी आन्द्झेयेव्स्की, कवी स्तानिस्वाव बारान्चाक, वकील आनिएला स्टाइन्सबर्गोवा, धर्मगुरू यान झिएया, तसेच यात्सेक कुरोन् व यान युझेफ लिप्स्की हे होते. विरोध म्हटला की गुप्तता आलीच, ही तोवरची समजूत. समितीच्या सदस्यांनी मात्र आपली नावे व पत्ते उघडपणे छापले. पैसा, वकील व औषधोपचार ही मदत दिसावयास साधी होती. परंतु ती देण्यासाठी कोणाला मारले, कोणाला कामावरून काढले, कोणाला किती शिक्षा झाली, याची खातरजमा करून नोंद ठेवावी लागे. ती नोंद समितीच्या पत्रकांतून प्रसिद्ध होऊ लागली, आणि ज्या घटनांना राज्याच्या भाषेत जागा नव्हती त्यांना नाव, तारीख व ठिकाण मिळाले.

राज्याच्या भाषेची घडण कशी होती, हे १९७७ मध्ये उघडकीस आले. क्राकूव्ह येथील एक अभ्यवेक्षक तोमाश स्त्शिझेव्स्की मार्च महिन्यात आपल्या कार्यालयातील गुप्त सूचना घेऊन स्वीडनला गेला. त्या सूचनांपैकी एकीनुसार, कातिन येथे मारल्या गेलेल्या पोलिश अधिकाऱ्यांचा मृत्यू जुलै १९४१ पूर्वीचा आहे असे छापावयास मनाई होती. कारण त्यापूर्वीची तारीख दिली की दोष सोव्हिएत संघाकडे जाई. एका तारखेच्या बंधनातून संपूर्ण असत्य सुरक्षित ठेवण्याची ही युक्ती होती. अशा व्यवस्थेपुढे अचूक तारीख छापणे हीच राजकीय कृती ठरते.

त्याच वर्षी ७ मे रोजी समितीचा सहकारी, विद्यार्थी स्तानिस्वाव पियास, क्राकूव्हमध्ये मृतावस्थेत सापडला. त्यानंतर समितीच्या अनेकांना अटक झाली, उपोषणे झाली, आणि जुलैमध्ये सरकारने कैदेतील कामगार व समितीचे लोक अशा सर्वांनाच सोडून दिले.

तथापि १९८० च्या 'सॉलिडॅरिटी'चे जनकत्व या बुद्धिजीवींकडे देणे हा अतिरेक होईल. स्वतंत्र कामगार संघटनेची मागणी श्चेचिनच्या गोदी-कामगारांनी १९७०–७१ च्या संपातच केली होती. ती कोणा प्राध्यापकाने त्यांना शिकविली नव्हती. समितीने दिले ते वेगळेच होते : एका गावची बातमी दुसऱ्या गावी विश्वसनीय स्वरूपात पोहोचविण्याची व्यवस्था. ऑगस्ट १९८० मध्ये सरकारी वृत्तपत्रे 'संप' हा शब्द टाळून 'कामातील खंड' असे लिहीत होती, त्या वेळी ग्दान्स्कमधील संपाचे वृत्त कुरोन् यांच्या दूरध्वनीवरून परदेशी वार्ताहरांकडे व तेथून रेडिओद्वारा पोलंडमध्ये परत येत होते. ३१ ऑगस्टच्या ग्दान्स्क करारात स्वतंत्र संघटनेबरोबरच अभ्यवेक्षणास मर्यादा घालण्याचे कलमही होते, हे पुष्कळदा दुर्लक्षिले जाते.

त्या कलमानुसार ३१ जुलै १९८१ रोजी नवा कायदा झाला. आता अभ्यवेक्षकाने मजकूर गाळला तर संपादकास त्या जागी कंस व कायद्याचे कलम छापता येऊ लागले. गाळलेले प्रथमच दिसू लागले. २८ सप्टेंबर रोजी, 'सॉलिडॅरिटी'च्या अधिवेशनात, वृद्ध लिपिन्स्की यांनी समितीचे कार्य संपल्याचे जाहीर केले. १३ डिसेंबरला लष्करी कायदा पुकारला गेला. जून १९८९ च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहाच्या ४६० पैकी ज्या १६१ जागा खुल्या ठेवल्या होत्या त्या सर्व 'सॉलिडॅरिटी'कडे गेल्या, कुरोन् मंत्री झाले, आणि एप्रिल १९९० मध्ये अभ्यवेक्षणाचे कार्यालय बंद करण्याचा कायदा संमत झाला.