कोचचा पगार कोणाच्या खात्यातून?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठात पॅटी गॅसो नावाच्या बाई १९९५ पासून मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षक आहेत. २०२४ पर्यंत त्यांच्या संघाने आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांना मिळणारा वार्षिक मोबदला दहा लाख डॉलरच्या पुढे आहे, आणि त्यासाठी त्यांना ना इतिहास शिकवावा लागतो ना गॅदरिंगचा मंडप उभारून घ्यावा लागतो. एक खेळ, एक संघ, एक नोकरी. १९७२ साली तिथे कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुला-मुलींत भेदभाव करायला बंदी आली. मुलींच्या खेळांना कॉलेजात हक्काची जागा मिळाली ती त्यानंतर.

महाराष्ट्रात अशी नोकरी शोधू गेलं तर हाती काय लागतं? सॉफ्टबॉल आपल्याकडे आहे. भारतीय सॉफ्टबॉल संघटना १९६१ साली स्थापन झाली आणि शालेय स्पर्धांच्या यादीतही हा खेळ असतो. कॉलेजात मात्र ‘सॉफ्टबॉलचा कोच’ असं पद नसतं. पद असतं शारीरिक शिक्षण संचालकाचं, तेही बहुधा एकच. कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ, मैदानी स्पर्धा, विद्यापीठाच्या प्रवेशिका, खेळाडूंचा प्रवासभत्ता, हे सगळं त्या एका माणसाच्या टेबलावर येऊन पडतं. त्यातूनही चांगले संघ घडले. पण ते घडवणाऱ्यांची चूल कशावर पेटत होती, ही गोष्ट आपल्या क्रीडा-इतिहासात फारशी कुणी लिहीत नाही.

जुन्या काळी वस्तादाची सोय दरबार पाहत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आणि तालमींना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं. हौदातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची, पहाटे पोरांकडून जोर-बैठका काढून घ्यायच्या, कुणाला कोणता डाव साधेल हे त्याच्या अंगकाठीवरून ओळखायचं, ही वस्तादाची विद्या. तिला ना प्रमाणपत्र होतं ना वेतनश्रेणी. खुराक आणि मान दरबाराकडून आला तर आला.

मग शाळा-कॉलेजं आली आणि वस्तादाचं काम ‘ड्रिल मास्तर’कडे गेलं. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था सुरू केली. या संस्थांनी शिक्षक तयार केले, म्हणजे सगळ्या वर्गाला कवायत शिकवणारी माणसं. एकाच पोराच्या मागे वर्षानुवर्षं लागणारा कोच हा वेगळा प्राणी, आणि त्याच्यासाठी कुणी पद काढलं नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात सापडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा खाशाबा जाधव तिथे शिकायला आला. अंगाने सडसडीत, उंचीने बेताचा. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेला, तर खेळाच्या शिक्षकांनी त्याच्याकडे पाहून नकार दिला. पोरगं थेट प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकरांकडे गेलं, त्यांनी परवानगी दिली आणि या पोराने आपल्याहून भारी गडी चीत केले. १९४८ ला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. जन्म मातीत गेलेला, लढायचं मॅटवर. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मॅटवरच्या कुस्तीची तयारी करून दिली आणि खाशाबांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला.

पुढच्या खेपेला, १९५२ च्या हेलसिंकीसाठी, पैशांची पुन्हा ओढाताण. गावोगाव वर्गणी झाली, आणि खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्या लावून पैसा जमवला आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. प्राचार्याने घर गहाण टाकावं लागणं म्हणजे व्यवस्थेची नामुष्की, आणि टाळ्यांच्या कडकडाटात ती झाकून गेली.

१९६१ मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि ‘एनआयएस कोच’ हा शिक्का मिळू लागला. १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाले. पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. मान आला. पगाराचं काय?

मुंबईत शिवाजी पार्कवर क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी शारदाश्रम शाळेची पोरं घडवली ती स्टेट बँकेची नोकरी सांभाळून. स्वतः त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना, १९६३-६४ च्या हंगामात, तोही बँकेच्या संघाकडून. पण नजर अशी की सचिन तेंडुलकरला त्यांनी शाळा बदलायला लावली आणि स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात सामने खेळायला नेलं. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. ज्याने बाद केलं त्याचं नाणं, आणि सचिन नाबाद राहिला तर त्याचं.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा आचरेकर सर मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असा त्यांचा निरोप होता. सहायक लक्ष्मण चव्हाण सीमेबाहेरून हातवारे करत होते आणि ही दोघं मुद्दाम तिकडे बघतच नव्हती. शेवटी जेवणाच्या सुटीत फोनवर सरांशी बोलणं झालं. कांबळी ३४९ वर होता, एका धावेसाठी त्याने विनवलं. सर ऐकले नाहीत. डाव २ बाद ७४८ वर घोषित झाला आणि कांबळीने नंतर गोलंदाजीत सहा बळी घेतले. खेळाडूच्या विक्रमापेक्षा सामना मोठा, हे शिकवणारा माणूस महिनाअखेरीच्या पगारासाठी मात्र बँकेच्याच हजेरीपटावर होता. मुंबईच्या क्रिकेटला ही शिकवण जवळजवळ फुकट मिळाली.

बँका, रेल्वे, गोदी आणि कंपन्यांनी महाराष्ट्राच्या खेळाला असंच पोसलं. रायगडात तर हे अगदी जवळून दिसतं. खोपोलीत १९१५ साली टाटांचं वीजकेंद्र आलं, मागोमाग कारखाने आले. कर्जत-खालापुरातला कबड्डीचा जुना गडी दिवसपाळी संपवून संध्याकाळी मंडळाच्या पोरांना पट्टीवर उभं करतो, पकड कधी टाकायची आणि चढाईवाल्याला बोनस रेषेपर्यंत कसं येऊ द्यायचं ते दाखवतो. मोबदला म्हणाल तर वडापाव आणि बक्षीस समारंभातलं नारळ-शाल.

२०१४ मध्ये प्रो-कबड्डी लीग आली आणि पहिल्यांदाच देशी खेळाच्या कोचला हंगामाचा करार करता येऊ लागला. चांगलं झालं. पण तो पैसा वरच्या एका थराचा आहे. कॉलेजच्या मैदानावर चित्र फारसं बदललेलं नाही. संचालकाची जागा मंजूर असली तरी ती भरलेली असेलच असं नाही, आणि विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर आल्या की पंधरा दिवसांच्या मानधनावर कुणा माजी खेळाडूला बोलावून घ्यायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाचं अनावरण झालं, सचिनच्या उपस्थितीत. स्मारक हवंच. पण रायगडातल्या एखाद्या संस्थेने कबड्डीसाठी किंवा सॉफ्टबॉलसाठी एक पूर्णवेळ कोच नेमला, त्याला प्राध्यापकाइतका पगार दिला आणि त्याच्या गळ्यात दुसरं काहीही बांधलं नाही, तर ते काम त्याहून मोठं ठरेल. संस्थाचालकांनी पुढच्या अंदाजपत्रकात तेवढी एक ओळ घालावी.