दहा ठिपक्यांचा चाकू

अमेरिकेतला घडीचा चाकू आधी अदलाबदलीची वस्तू होता, हौशी विक्रीची नंतर झाला. शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, शाळकरी पोराच्या खिशात एक चाकू असायचाच आणि तो दुसऱ्याच्या चाकूशी बदलून घेणे हा फावल्या वेळेचा उद्योग होता. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या ‘टॉम सॉयर’मध्ये बायबलमधली वचने पाठ केल्याबद्दल टॉमला साडेबारा सेंटांचा बार्लो चाकू मिळतो आणि तो हरखून जातो. दक्षिणेकडच्या गावांत कचेरीसमोरच्या चौकात हा व्यवहार मोठ्यांमध्येही चाले. अलाबामातल्या स्कॉट्सबरोचा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारचा बाजार अशा घासाघिशीच्या जागांपैकी एक. चाकू हातात घ्यायचा, पाती उघडून मिटून पाहायची, स्प्रिंगचा जोर अंगठ्याने जोखायचा आणि मग ‘वर किती देतोस’ हे ठरवायचे. आज ऑनलाइन चालणाऱ्या संग्राह्य चाकूंच्या विक्रीचे मूळ या चौकात आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले चांगले चाकू बहुतांशी इंग्लंडमधल्या शेफील्डहून येत. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर जबर जकात बसली आणि न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया भागात देशी कारखाने फोफावले. त्याच सुमारास, १८८९ पासून, केस आडनावाचे भाऊ न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात घोडागाडीतून चाकू विकत फिरत होते. त्यांच्याच घराण्यातून पुढे ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ ही कंपनी निघाली आणि १९०५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावी स्थिरावली. संग्राहकांच्या बाजाराचा इतिहास मुख्यतः या एका कंपनीच्या चाकूंभोवती फिरतो. तिचे चाकू इतरांपेक्षा फार सरस होते म्हणून तसे घडले नाही. ते वाचता येत होते, हे त्याचे कारण.

घडीच्या चाकूचे पाते मुठीत ज्या खिळ्यावर फिरते, तिथला बिनधारेचा जाड भाग म्हणजे पात्याचे बूड. केस कंपनी त्याच्या एका बाजूवर आपले नाव आणि दुसऱ्या बाजूवर नमुन्याचा क्रमांक ठोकत असे. ६२५४ हा आकडा घ्यावा. पहिला ६ म्हणजे मूठ हाडाची, २ म्हणजे पाती दोन, आणि ५४ हा ‘ट्रॅपर’ या आकाराचा क्रमांक. तोच चाकू सांबरशिंगाच्या मुठीत आला की ५२५४ होतो, पिवळ्या मुठीत ३२५४. कारखान्याने ही सोय मालाची मोजदाद आणि मागणीपत्रे सुटसुटीत व्हावीत म्हणून केली होती. पुढे हेच आकडे अनोळखी माणसांना पोस्टातून व्यवहार करण्यासाठी एक सामाईक भाषा म्हणून उपयोगी पडले.

नावाचा ठसाही काळानुसार बदलत गेला. १९४० ते १९६४ या काळातल्या पात्यांवर ‘केस’ आणि त्याखाली दोन फुल्या आढळतात. पाते भट्टीतून दोनदा गेले, याची ती खूण असल्याचे कंपनी सांगते. १९६५ मध्ये त्याखाली ‘यू.एस.ए.’ ही अक्षरे आली. १९७० मध्ये कंपनीने ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी करत १९७९ मध्ये एकावर आणला. १९८० मध्ये विजेच्या रेघेसारख्या नागमोडी ‘एस’चा नवा ठसा आणून पुन्हा दहापासून उतरती मोजणी सुरू केली. आता भिंगातून पाहणाऱ्या कोणालाही चाकूचे नेमके साल सांगता येऊ लागले. जुन्या ठशाचा माल गावोगावच्या हार्डवेअर दुकानांतल्या काचेच्या पेट्यांत अजून पडून होता. तो हुडकत फिरणाऱ्यांनी या दुकानांचे उंबरे झिजवले. कालपर्यंत एकाच भावाने विकले जाणारे दोन सारखे चाकू केवळ बुडावरच्या चार अक्षरांमुळे वेगळ्या किमतीचे झाले.

या ओढीला कायद्याचाही हातभार लागला. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परवाना नसलेल्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदुका विकणे बंद झाले. जुन्या बंदुकांची देवघेव करणाऱ्या हौशींपैकी अनेकजण मग चाकूंकडे वळले. चाकू खिशात मावत होता, टपालाने जात होता आणि त्याला परवाना लागत नव्हता. बंदुकांच्या प्रदर्शनांत कोपऱ्यात असलेली चाकूंची टेबले वाढत गेली आणि मग चाकूंची स्वतंत्र प्रदर्शने भरू लागली. १९७२ मध्ये संग्राहकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. टेनेसीतले चॅटनूगा हे तिचे केंद्र होते. १९७३ मध्ये या विषयाला वाहिलेले मासिक निघाले, किमतींची पुस्तके छापली गेली, आणि चाकूची अवस्था सांगण्यासाठी ‘मिंट’, ‘निअर मिंट’, ‘एक्सलंट’ अशा पायऱ्या रूढ झाल्या. ‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून निघाला तसा, न वापरलेला, धार न लावलेला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तूचे मोल तिच्या धारेवर होते, तिला आता सहाणेचा एक स्पर्श झाला तरी किंमत उतरू लागली. विक्रेते टंकलिखित याद्या टपालाने पाठवत. ग्राहक क्रमांक, ठसा आणि पायरी वाचून, चाकू न पाहता, धनादेश धाडत. ऑनलाइन विक्रीची सारी रीत या याद्यांमध्ये आधीच घडून तयार होती.

हाताने चाकू घडवणाऱ्या कारागिरांचा बाजार याला समांतर वाढला. फ्लॉरिडातल्या ऑर्लँडोचे बो रँडल यांनी १९३० च्या दशकात काम सुरू केले. पुढे त्यांच्या चाकूंसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागू लागले. थांबायची तयारी नसलेला माणूस दुसऱ्या संग्राहकाला जास्त पैसे मोजतो, आणि फेरविक्रीचा भाव तिथून चढतो. कॅलिफोर्नियातल्या बॉब लव्हलेस यांच्या चाकूंचे असेच झाले. १९७० मध्ये अशा कारागिरांनी आपला संघ स्थापन केला.

मुठीच्या साहित्याने या बाजाराला आणखी एक पदर दिला, आणि तो थेट भारतापर्यंत पोहोचतो. चाकूच्या मुठीसाठी जगभर वाखाणले गेलेले शिंग सांबराचे. इतर हरणांच्या शिंगाचा गाभा भुसभुशीत असतो. सांबरशिंग भरीव, घट्ट आणि बाहेरून खडबडीत खाचांचे. सह्याद्री आणि विदर्भापासून देशभरच्या जंगलांत सांबर दरवर्षी शिंगे गाळतो, आणि भारतातून हा माल शेफील्ड आणि अमेरिकेकडे जात असे. गाईबैलांच्या नळीच्या हाडावर यंत्राने खाचा पाडून रंग देण्याची पद्धतही मुळात सांबरशिंगाची नक्कल म्हणून आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने या शिंगांची निर्यात बंद केली. वन्यजीवांच्या दृष्टीने तो निर्णय रास्तच होता. संग्राहकांच्या बाजारात मात्र जुन्या साठ्यातल्या शिंगाच्या मुठींना तेव्हापासून निराळे वजन आले.

किंमत ठशावर ठरते म्हटल्यावर खोटे ठसे आलेच. नव्या बुडावर जुना ठसा ठोकणे, मोडलेल्या चाकूचे पाते दुसऱ्यात बसवणे, नव्या हाडाला चहाच्या रंगाने जुनाट झाक देणे हे प्रकार १९७० च्या दशकापासूनच चालू आहेत. अनुभवी डोळा काही विसंगती शोधतो: पाते घासून अरुंद झाले असताना ठसा मात्र कोरा करकरीत असणे, एकाच चाकूच्या दोन पात्यांवर वेगळ्या काळाचे ठसे असणे, मुठीच्या खिळ्याभोवती हाड नव्याने टवके उडाल्यासारखे दिसणे. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी हे वेगळेच संकट. त्या आपोआप विघटित होतात, कापरासारखा वास येतो आणि निघणाऱ्या वाफांनी शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. जाणकार म्हणूनच त्या एकट्या, मोकळ्या हवेत ठेवतात. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवत नाहीत, कारण कातडे कमावताना वापरलेल्या द्रव्यांनी पितळेवर हिरवा थर चढतो.

१९९५ मध्ये पुढे ‘ईबे’ नावाने प्रसिद्ध झालेले लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले आणि चौक, प्रदर्शन, टपालयादी हे सगळे एका पडद्यावर आले. ज्या चाकूंना लोक दुर्मीळ समजत होते त्यांपैकी बरेच देशभरच्या कपाटांतून बाहेर निघाले, तेव्हा त्यांचे भाव खाली आले. खरोखर थोडे असलेले चाकू मात्र उठून दिसू लागले. विक्रीच्या छायाचित्रांची रीत ठरून गेली: चाकू दोन्ही बाजूंनी, पाती पूर्ण उघडी, पाठीकडून स्प्रिंगची रेघ, आणि बुडाचा ठसा इतक्या जवळून की ठिपके मोजता यावेत. पैसे आधी, माल नंतर. विमा उतरवलेले पार्सल. आणि माल पसंत न पडल्यास ठरलेल्या दिवसांत परत घेण्याचा शब्द. १९५८ च्या संघीय कायद्याने बटण दाबताच उघडणारे चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला मनाई केली आहे, म्हणून बड्या लिलाव संकेतस्थळांनी असे चाकू बाहेरच ठेवले.

छायाचित्राला न जमणारी एक गोष्ट उरते. चांगल्या चाकूचे पाते अर्धे उघडले की स्प्रिंग त्याला पुढे ओढते आणि ते ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करून बसते, मिटतानाही तसेच. अमेरिकी हौशी याला चाकूचे चालणे-बोलणे म्हणतात. स्प्रिंग दमलेली असेल तर पाते लोळत जाते आणि आवाज बोदा येतो. चौकातल्या शेतकऱ्याला हे क्षणात कळे. ऑनलाइन विकणारा त्यासाठी आता चाकू कानाशी धरल्यासारखा फोनच्या मायक्रोफोनजवळ नेतो, प्रत्येक पाते दोनदा उघडतो, दोनदा मिटतो आणि ते काही सेकंदांचे चित्रीकरण गिऱ्हाइकाला पाठवून देतो.