माथेरानची हातरिक्षा

विल्यम गिब्सन यांची ‘न्यूरोमॅन्सर’ ही इंग्रजी कादंबरी 1984 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील भविष्यकाळात संगणक अद्भुत कामे करतात. एक गर्भश्रीमंत घराणे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशनगरीत वास्तव्य करते आणि खाली महानगरांच्या गर्दीत बाकीचे लोक कसेबसे दिवस कंठतात. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे अवकाश आले नाही. आला तो नेरळवरचा डोंगर.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानवर गेले आणि लवकरच मुंबईच्या साहेबांचे व धनिकांचे ते उन्हाळ्यातील विश्रांतिस्थान झाले. ही मंडळी वर जात ती घोड्यावरून, नाहीतर पालखीत वा खुर्चीत बसून, माणसांच्या खांद्यांवरून. 1907 साली पीरभॉय घराण्याची दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली आणि नेरळपासूनची चढण सुसह्य झाली. पण यंत्र स्थानकापर्यंतच. पुढे बंगल्यापर्यंत जायचे तर हातरिक्षा: कोणी पुढून ओढायची, कोणी मागून रेटायची, तांबड्या मातीतून, चढउतारावरून.

येथे कादंबरीचा हिशेब उलटा होतो. तिच्यात यंत्र माणसांना दुभंगते. माथेरानात यंत्राच्या अभावाने तेच घडले. मोटारबंदीचे गोडवे आपण सारेच गातो, आम्हीही गायिले आहेत. फेब्रुवारी 2003 मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तोही योग्यच. मात्र त्या शुद्ध हवेची किंमत कोणाच्या छातीने मोजली, हे दस्तुरी नाक्यावर उतरणाऱ्या पाहुण्याने क्वचितच विचारले. रिक्षा ओढणाऱ्याला तीच हवा धापा टाकीत घ्यावी लागे!

सायकलरिक्षा चालविणाऱ्यांविषयीच्या पंजाबातील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच श्रमिकांच्या बाजूने कौल दिला होता. माथेरानला तो प्रकाश पोहोचण्यास विलंब लागला. डिसेंबर 2022 मध्ये विजेवरच्या रिक्षांचा प्रयोग झाला. शाळकरी मुलांची व वृद्धांची सोय झाली. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांना दोष देणे आम्हांस अवघड वाटते, कारण नवे यंत्र आले की पहिली धास्ती पोटाचीच असते.

खरा वाद त्या गाडीचा मालक कोण, हा होता. बाहेरच्या ठेकेदाराने रिक्षा घ्यायची आणि कालच्या ओढणाऱ्याने नुसते पाहत राहायचे, असे झाले असते तर श्रम संपले असते. दरी मात्र तशीच राहिली असती. 6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर विजेच्या रिक्षा सरकारने विकत घ्याव्यात व हातरिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, असे त्यात सांगितले. आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले.