रसेलने ऐकलं नाही म्हणून

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेचा इतिहास सांगताना लोक जॉन मॅकार्थींपाशी थांबतात. मी आधी स्टीव्ह रसेलचं नाव घेतो. १९५८ साली एमआयटीत मॅकार्थींनी ही भाषा रचायला घेतली. लिस्पचा अर्थ लिस्पमध्येच कसा लावायचा, हे दाखवणारं 'इव्हॅल' हे फंक्शन त्यांनी लिहिलं ते वाचण्यापुरतं. त्यांच्या हाताखालचा प्रोग्रामर रसेल म्हणाला, मी हे यंत्रावर चढवतो. तू सिद्धांत आणि व्यवहार यांची गल्लत करतोयस, असं मॅकार्थींनी त्याला सांगून पाहिलं. पठ्ठ्याने आयबीएम ७०४च्या यंत्रभाषेत ते उतरवलंच, आणि लिस्प चालू लागली.

ब्राउझरच्या दारात मात्र तिचं घोडं अडलं. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक नेटस्केपमध्ये आला तो ब्राउझरमध्ये स्कीम, म्हणजे लिस्पचीच १९७५ची लेक, बसवायला मिळेल या आशेवर. वरून फर्मान निघालं की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा राहिला. पुढचं रामायण आपण सगळेच भोगतोय.

२०१७ साली ब्राउझरमध्ये इतर भाषांतले प्रोग्राम चालवू देणारी वेबअसेंब्ली आली तेव्हा सी आणि रस्टवाल्यांची चंगळ झाली. स्कीमवाले बसले हात चोळत. वापरून झालेली मेमरी आपोआप झाडून काढणारा गार्बेज कलेक्टर मॅकार्थींनी लिस्पसाठीच शोधला होता. नेमका तोच तिथे नव्हता. टेल कॉलही, म्हणजे शेवटचं काम दुसऱ्या फंक्शनकडे सोपवून स्वतः मेमरीतून बाजूला होण्याची सोयही, नव्हती, आणि तिच्याशिवाय स्कीमचं पान हलत नाही. क्रोममध्ये या दोन्ही सोयी आल्या २०२३ मध्ये. त्याच वर्षी स्प्रिटली इन्स्टिट्यूटने गाइल या स्कीमच्या एका अवताराचं वेबअसेंब्लीत रूपांतर करणारं 'हूट' बाहेर काढलं.

गंमत अशी की लिस्पचे कंस तिथे आधीच पोचले होते. वेबअसेंब्लीचं मजकुरी रूप लिस्पसारखंच आहे: पहिला कंस उघडतो, मग 'मॉड्यूल', मग कंसात कंस. लिस्पच्या मजकूर वाचणाऱ्या 'रीड'ला ते जवळपास तसंच्या तसं पचतं.

हूटमध्ये वेबअसेंब्लीचा कोड वाचून चालवणारा इंटरप्रिटरही आहे, स्कीममध्येच लिहिलेला. रसेलचंच काम, फक्त यजमान आणि पाहुणा वेगळे. अशा इंटरप्रिटरची खरी मेहनत असते ती स्कीमचा मोठेपणा आवरण्यात. स्कीममध्ये २१४७४८३६४७ मध्ये १ मिळवला की २१४७४८३६४८ येतात. तिथे पूर्णांकांना वरची मर्यादाच नाही. वेबअसेंब्लीच्या ३२ बिटांत हीच बेरीज चिन्हासकट वाचली तर उणे २१४७४८३६४८ होते. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर उत्तर ३२ बिटांत कापून बसवावं लागतं. वेबअसेंब्लीची मेमरी म्हणजे ६४ केबीच्या पानांनी वाढणारा बाइट्सचा सलग पट्टा. पट्ट्याबाहेर हात घातला की मॉड्यूल, म्हणजे वेबअसेंब्लीचा प्रोग्राम, तिथल्या तिथे थांबवायचं.

मॉड्यूलला स्वतःहून ना फाइल उघडता येते, ना नेटवर्क गाठता येतं. आयात म्हणून आपण जी स्कीमची फंक्शनं देऊ, तेवढ्यांनाच ते हाक मारू शकतं. साधं 'नमस्कार' छापायचं असलं, तरी छापणारं फंक्शन आधी आपण त्याच्या हातात ठेवायचं.