कंपवाताची पहिली खूण

आमच्या शाळेत मराठीचे एक शिक्षक होते. फळ्यावरचे त्यांचे अक्षर म्हणजे मोत्यांची ओळ. निवृत्तीपूर्वीच्या दोन-तीन वर्षांत मात्र ते बारीक होत गेले. ओळ संपता संपता मागच्या बाकांवरील मुलांना दिसेनासे होई. "गुरुजी, जरा मोठे लिहीत चला," असे मीच त्यांना दोनदा बजावले. हात तेव्हा थरथरत नव्हता. कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या आजाराचे, निदान झाले ते पुढे चार वर्षांनी.

हा रोग प्रथम नीट टिपला गेला तो रस्त्यावर. लंडनच्या हॉक्स्टन भागातील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली 'थरथरत्या लकव्या'वर छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यांपैकी दोघे त्यांना वाटेत भेटलेले आणि एकाला तर त्यांनी दुरूनच पाहिलेले! वाकलेली पाठ, आपोआप धावू लागणारी पावले, स्वस्थ असताना कापणारा हात, हे सारे त्यांनी नजरेने टिपले. पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी रोगाला पार्किन्सनचे नाव दिले. ते रुग्णांकडून लिहून घेत आणि अक्षर तपासत. हे वाचले तेव्हा मला आमचा फळा आठवला.

१९१९ साली त्रेत्याकोफ यांनी मेंदूतील 'कृष्णद्रव्य' या भागातील पेशी या रोगात झडतात हे दाखवले. बाह्य लक्षणे दिसेपर्यंत त्यांतील बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात. म्हणून तर आधी ओळखण्याची एवढी धडपड.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता येते. २००९ साली मॅक्स लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ जणांकडून लांब 'आ' म्हणवून घेतला. त्यांतले २३ रुग्ण होते. कानाला न कळणारे स्वरातील बारीक हेलकावे मोजून संगणकाने रुग्ण व निरोगी यांना बऱ्याच अंशी वेगळे काढले. २०२२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी झोपेतील श्वासावरून, तर २०२३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डोळ्याच्या पडद्याच्या चित्रांवरून खुणा शोधल्या. या दुसऱ्या खुणा निदानाच्या सरासरी सात वर्षे आधीच्या चित्रांत दिसल्या.

मात्र यंत्राला शिकवतो तो माणूसच, आणि मास्तर या नात्याने मला एक शंका येते. ३१ जणांच्या १९५ ध्वनिनोंदी म्हणजे एकेकाच्या सहा-सहा. एकाच माणसाच्या काही नोंदी शिकवणीत आणि काही परीक्षेत आल्या, तर यंत्राने रोग ओळखला की माणूस? वर्गात सोडवून दिलेलेच गणित पेपरात घातले, तर मुलांना पैकीच्या पैकी पडणारच. अशा निकालांवर संशोधकांनीही हा आक्षेप घेतला आहे. शिवाय आमच्याकडे आजी नातवाशी मराठीत आणि बाजारात कानडीत बोलते. तिच्या बोलण्याची चाल परक्या आवाजांवर शिकलेल्या यंत्राला कितपत उमगेल?

आणखी एक गोष्ट. रोगाचा वेग निश्चितपणे रोखणारे औषध अद्याप नाही. लक्षणांवर मात्र गोळ्या आहेत, व्यायामानेही हालचाल सुधारते. मग सात वर्षे आधी कळून काय करायचे? हा प्रश्न मी त्या गुरुजींनाच विचारला. ते हळू बोलतात, शब्द मधेच अडतात.

"निदान मोठं लिहा म्हणून तुम्ही रागावला नसता," ते म्हणाले, आणि हसले.