सहा ॲक्सोलॉटल आणि एक काचपेटी

बेडकाचे जीवनचक्र आपण दर वर्षी फळ्यावर काढतो. अंडी, शेपटीवाले पिल्लू, पाय फुटलेले पिल्लू, पूर्ण वाढलेला बेडूक आणि पुन्हा अंडी. बाण सगळे एकाच दिशेने जातात. पिल्लाने अंडी घालावीत अशी शंका एखाद्या मुलाने काढलीच, तर वर्ग हसतो. पण सुमारे दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या शास्त्रज्ञांना नेमकी हीच शंका पडली होती आणि तेव्हा कोणीही हसले नव्हते. ही शंका निर्माण करणारा प्राणी म्हणजे मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल.

तळ्यातला प्राणी

मेक्सिको शहर आज जिथे उभे आहे, तिथे पूर्वी विस्तीर्ण सरोवरे होती. त्यांपैकी सोचिमिल्को आणि चाल्को या गोड्या पाण्याच्या सरोवरांत ॲक्सोलॉटल राहत असे. तेथील अझ्टेक लोक त्याला खात, औषधातही वापरत. त्यांच्या एका पुराणकथेत शोलोट्ल नावाचा देव बळी जाण्याच्या भीतीने पळतो आणि रूपे बदलत बदलत अखेर पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल होतो. प्राण्याच्या नावात या देवाचे नाव आहे, आणि पाणी या अर्थाचा 'आट्ल' हा शब्दही आहे.

सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखे दिसणारे, पण अंगावर खवले नसलेले, ओलसर कातडीचे उभयचर. महाराष्ट्रात ते आढळत नाहीत. भारतात पाहायचे तर दार्जिलिंग आणि ईशान्येकडील डोंगरांत जावे लागते. सॅलॅमँडरची पिल्ले पाण्यात वाढतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्यांना पिसांसारखे कल्ले असतात आणि शेपटीवर पातळ पडदा असतो. मोठे होताना कल्ले आणि पडदा नाहीसे होतात व बहुतेक जाती जमिनीवर येतात. ॲक्सोलॉटल हुबेहूब अशा पिल्लासारखा दिसतो. फरक इतकाच, की तो वीतभराहून लांब वाढतो, कल्ले तसेच ठेवतो आणि त्याच रूपात अंडी घालतो.

१७९८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला पहिले शास्त्रीय नाव मिळाले. पुढे अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी मेक्सिकोहून आणलेले दोन नमुने पॅरिसमध्ये जॉर्ज क्यूव्हिए यांनी तपासले. शरीररचना पाहून हे एखाद्या मोठ्या सॅलॅमँडरचे पिल्लू असावे असे त्यांना वाटले. पण हा मोठा सॅलॅमँडर कोणीच पाहिलेला नव्हता. त्यामुळे मनात शंका असूनही, आयुष्यभर कल्ले टिकवणाऱ्या प्राण्यांच्या गटात त्यांना ॲक्सोलॉटलला बसवावे लागले. बाटलीतल्या मेलेल्या नमुन्याकडून याहून अधिक काही कळणे शक्य नव्हते. त्यासाठी जिवंत प्राणी हवा होता.

पॅरिसची काचपेटी

तो युद्धामुळे मिळाला. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्सने मेक्सिकोत सैन्य पाठवले होते. त्या काळात तेथून ३४ जिवंत ॲक्सोलॉटल पॅरिसला आले. त्यांतले सहा, पाच नर आणि एक मादी, १८६४ मध्ये ऑग्युस्त द्युमेरिल यांना मिळाले. द्युमेरिल पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात सरपटणारे प्राणी आणि मासे यांचे प्राध्यापक होते.

१८६५ च्या सुरुवातीला मादीने अंडी घातली. पिल्ले वाढली आणि वर्ष संपायच्या आत त्यांच्यापैकी काहींचे कल्ले आखडू लागले. शेपटीचा पडदा गेला, कातडीवर पिवळसर ठिपके उमटले. काचपेटीत आता सॅलॅमँडर होते! आईबाप मात्र शेजारीच, कल्ल्यांसह, पूर्वीसारखेच. क्यूव्हिए यांची शंका खरी होती, पण कोडे आणखी अवघड झाले. एकाच पाण्यात वाढलेल्या भावंडांपैकी काही बदलली आणि काही का बदलली नाहीत? कल्ल्यांचा यात काही संबंध असेल म्हणून द्युमेरिल यांनी काही प्राण्यांचे कल्ले कापून पाहिले. त्यातून स्पष्ट उत्तर मिळाले नाही.

द्युमेरिल यांनी केलेली दुसरी गोष्ट अधिक दूरगामी ठरली. या सहा प्राण्यांची संतती त्यांनी युरोपभर वाटली. ती संस्थांना मिळाली, तशीच घरी मत्स्यपेट्या ठेवणाऱ्या हौशी माणसांनाही मिळाली. काचपेटीत इतक्या सहज वाढणारा उभयचर तोपर्यंत कोणाच्या हाती आला नव्हता.

निगेचा प्रयोग

जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे ऑगस्ट वाइझमान यांना या कोड्यात विशेष रस होता. प्राण्याची एक जात एका उडीत दुसरी होऊ शकते, याचा पुरावा म्हणून काही जण द्युमेरिल यांच्या सॅलॅमँडरकडे बोट दाखवत. वाइझमान यांना हे मान्य नव्हते. ॲक्सोलॉटलचे पूर्वज सॅलॅमँडरच असावेत, परिस्थितीमुळे ते पाण्यातल्या अवस्थेत थांबले असावेत, आणि पॅरिसमध्ये दिसले ते जुनेच रूप असावे, असे त्यांचे म्हणणे होते. पण पिल्लांत बदल घडवून आणण्याचे त्यांचे स्वतःचे प्रयत्न फसले होते.

हे काम मारी फॉन शोवँ यांनी अंगावर घेतले. त्या कोणत्याही विद्यापीठात पदावर नव्हत्या. पाण्यातले प्राणी पाळण्यात मात्र त्यांचा हात कसलेला होता. १८७४ च्या जूनमध्ये त्यांनी प्रयोगाला सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे आठवडाभराची पिल्ले होती. बारापैकी जगली फक्त पाच. त्यांना भरपूर खाऊ घालून त्यांनी वाढवले. पाय नीट फुटल्यावर त्यांना उथळ पाण्यात ठेवले आणि ते पाणी हळूहळू कमी करत नेले. पिल्लाला हवेत श्वास घ्यावाच लागेल, पण ते दगावणार नाही, इतपतच घाई. कल्ले आक्रसू लागले, प्राणी कात टाकून ओल्या शेवाळावर येऊ लागले.

त्यांचा निष्कर्ष साधा होता. पिल्ले निरोगी निपजली, त्यांना योग्य आहार मिळाला आणि पाण्यातून हवेकडे जायला भाग पाडले, तर बहुतेक सगळी बदलतात. वाइझमान यांना जे साधले नव्हते, ते शोवँ यांना दररोजच्या निगेने साधले. प्राणी बदलतो की नाही, याचे उत्तर त्याला कसे ठेवले यावरही अवलंबून होते. निगा म्हणजे प्रयोगाच्या आधीची तयारी नव्हती. तोच प्रयोग होता.

गळ्यातली ग्रंथी

यानंतरचा टप्पा थोडक्यात सांगू. वाढ पूर्ण होऊन प्रजनन सुरू झाले तरी शरीर बालरूपातच राहणे, या प्रकाराला १८८० नंतरच्या दशकात युलियुस कोलमान यांनी 'निओटेनी' असे नाव दिले. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडकाच्या पिल्लांना घोड्याची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, खाऊ घातली. पिल्ले वेळेआधीच बेडूक झाली. १९१३ मध्ये विलेम लाउफबर्गर यांनी आणि १९२० मध्ये ज्युलियन हक्स्ली यांनी हाच आहार ॲक्सोलॉटलला दिला आणि त्याचाही सॅलॅमँडर झाला. ॲक्सोलॉटलच्या गळ्यात अवटू ग्रंथी असते, पण तिला जागे करणारा मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीचा संदेश क्षीण असतो. म्हणून बाणांची साखळी मध्येच तुटते.

आजची काचपेटी

त्या सहा प्राण्यांचा वंश अजून चालू आहे. जगभरच्या प्रयोगशाळांतले आणि घरांतले बहुतेक ॲक्सोलॉटल त्यांच्यापर्यंत पोचतात. पुढे त्यांत काही नवे प्राणी मिसळले गेले. तुटलेला पाय हाड, स्नायू आणि मज्जातंतूंसह पुन्हा उगवण्याची त्याची क्षमता आज सर्वांत जास्त अभ्यासली जाते. २०१८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचून झाला. तो सुमारे ३२ अब्ज जोड्यांचा, म्हणजे माणसाच्या दहापट आहे.

आता तो आपल्याकडच्या हौशी लोकांच्या घरीही दिसतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने एप्रिल महिन्यात आपला आजारी ॲक्सोलॉटल आमच्याकडे आणला. खाणे बंद, कल्ले फिके पडलेले. आम्ही प्रथम पाण्यात तापमापी बुडवली. पारा ३० अंशांवर होता. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर आहे. तेथील प्राण्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. २४ च्या वर तो आजारी पडतो. आम्ही पाणी गार करत राहिलो, पण तो वाचला नाही. मुलाने त्याला वेळेवर खाऊ घातले होते, पेटीही स्वच्छ होती. त्याला फक्त हा प्राणी कुठला, हे कोणी सांगितले नव्हते.

बाकीची निगाही त्या तळ्यावरूनच समजते. पाणी संथ हवे. पापण्या नसल्याने उजेड मंद हवा. तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेण्याची सवय असल्याने तळाशी बारीक खडी नको, ती पोटात जाते. विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत रुजायला काही आठवडे लागतात. तोवर प्राणी आणू नये. अवटू ग्रंथीचा किंवा आयोडिनचा प्रयोग तर हौसेखातर कधीच करू नये.

तळे मात्र

आता मूळ तळ्याकडे वळू. शहर वाढले, सरोवरे आटवली गेली आणि सोचिमिल्कोचे केवळ कालवे उरले. त्यांत सांडपाणी आले. लोकांना खायला मासे मिळावेत म्हणून कार्प आणि तिलापिया सोडले गेले. त्यांनी ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्ले फस्त केली. १९९८ च्या पाहणीत दर चौरस किलोमीटरला सुमारे ६००० ॲक्सोलॉटल होते. २००३ मध्ये सुमारे १०००, २००८ मध्ये १०० आणि २०१४ मध्ये फक्त ३५ च्या आसपास उरले. २०२१ मध्ये मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचे चित्र आले.

मग काचपेट्यांतले हजारो प्राणी तळ्यात सोडावेत का? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशोबानुसार अमेरिकेतील मुख्य प्रयोगशाळा-वंशात अंतःप्रजननाचे प्रमाण सरासरी ३५ टक्के आहे. सख्ख्या भावंडांच्या संततीत ते २५ टक्के असते. शिवाय १९६२ मध्ये या वंशात वाघ्या सॅलॅमँडरचा संकर झाला आहे. पेटीत छान जगणारा हा प्राणी आता तळ्यातल्या प्राण्याची नक्कल राहिलेला नाही. मेक्सिकोतील राष्ट्रीय विद्यापीठाचे लुइस झाम्ब्रानो आणि त्यांचे सहकारी वेगळ्या वाटेने जात आहेत. कालव्यांमधल्या 'चिनाम्पा' नावाच्या जुन्या शेतांवर शेतकऱ्यांबरोबर काम करून ते पाणी गाळतात आणि परके मासे अडवतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदिवासात जन्मलेले १८ ॲक्सोलॉटल अशा सुधारलेल्या पाणथळ जागांत सोडले होते. निरीक्षणाच्या काळात ते सगळे जगले. ज्यांना पुन्हा पकडता आले, त्यांचे वजनही वाढले होते. म्हणजे ते स्वतः शिकार करून खात होते.

पुढच्या वेळी फळ्यावर जीवनचक्र काढाल तेव्हा शेजारी ॲक्सोलॉटलचेही काढा आणि बाण कुठे तुटतो ते मुलांना विचारा. मग दुसरा प्रश्न विचारा: काचपेट्यांत हजारो आहेत आणि तळ्यात जवळजवळ नाहीत, तर ही जात वाचली म्हणायची का? उत्तर लगेच सांगू नका. आमच्या प्रयोगशाळेतही त्यावर एकमत झालेले नाही.