साहित्यिकांची जुनी छायाचित्रे

मराठी साहित्यिकांच्या छायाचित्रांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू होतो. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये छायाचित्रकार दिस्देरीने छोट्या कार्डावरील फोटोचे पेटंट घेतले. पुढे सुमारे 11 बाय 16.5 सेंटिमीटरचे ‘कॅबिनेट’ कार्ड रूढ झाले. अंड्याच्या पांढऱ्या भागाचा थर दिलेल्या कागदावर ठसा उमटवून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवत.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने 1878 मध्ये चित्रशाळा निघाली. तिच्या शिळाछापाच्या चित्रांमुळे थोरांच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले ग्रंथकार संमेलन भरले. 1906 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची वास्तू स्वारगेटकडे जाणाऱ्या टिळक रस्त्यावर आहे. तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात साहित्यिकांच्या तसबिरी लावलेल्या आहेत.

जुना फोटो पारखताना पुठ्ठ्यावरील स्टुडिओचा शिक्का, कागदाचा पिवळटपणा आणि मागचे हस्ताक्षर पाहतात. मूळ ठसा आणि नंतर काढलेली प्रत यांतला फरक तिथेच कळतो. ऊन, दमट हवा आणि आम्लयुक्त पुठ्ठा हे अशा संग्रहाचे मुख्य शत्रू होत.